तिम्मण्णाला समजेल असं

मी आयुष्यभर विनोदी लिहिलं. साप्ताहिकात दर गुरुवारी माझा रकाना यायचा आणि त्यात मी महापालिकेला, मंत्र्यांना, साहित्य संमेलनांना आणि अधूनमधून माझ्या मेव्हण्याला चिमटे काढायचो. त्या लिखाणामुळे आमच्या बंगळुरूच्या बनशंकरीतला एखादा खड्डा बुजला, असं कधी झालं नाही. मेव्हणाही आहे तसाच आहे. त्यामुळे लिहिण्यानं जगात काहीही घडत नसतं, म्हणूनच ते निर्धास्तपणे करावं, असं माझं ठाम मत झालं होतं. या मताच्या उशीवर डोकं ठेवून मी सुखानं निवृत्त झालो. ती उशी आमच्या इमारतीतल्या भार्गवीनं काढून घेतली.

भार्गवी तिसऱ्या मजल्यावर राहते. व्हाइटफील्डच्या कुठल्याशा कंपनीत ती संगणकातले मदतनीस घडवते. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, पगार न मागणारे आणि चहाला न उठणारे कारकून. त्यातला एक तिनं आमच्या इमारतीला भेट दिला. त्याचं नाव तिम्मण्णा ठेवलं ते अध्यक्ष पुट्टस्वामी गौडांच्या आग्रहावरून. नोकरीत असताना गौडांच्या हाताखाली तिम्मण्णा नावाचा एक शिपाई होता, त्यानं शेवटपर्यंत त्यांचं काहीही ऐकलं नाही. हा तरी ऐकेल, अशी त्यांना आशा होती.

तिम्मण्णाकडे खातं होतं परवानग्यांचं. आमच्याकडे सभागृह गट, पाणी गट, बाग गट असे गट आहेत. सभागृहाचं दार, कावेरीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह, बागेतले फवारे, हे सगळं आता किल्लीनं उघडत नाही. ज्याचं नाव ज्या गटात, त्याच्याच हुकुमानं ते उघडतं. कुणाला गटात घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला एका संध्याकाळपुरतं आत सोडायचं, हे तिम्मण्णा बघणार. फोनवरून सांगा, नाहीतर फाटकाजवळ आणि सभागृहाच्या दाराशी एकेक डबा बसवलाय, त्यात तोंड घालून बोला.

एका रविवारी सकाळी भार्गवी आमच्याकडे आली. मी वर्तमानपत्रातल्या चुका शोधत होतो. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा.

"अंकल, तुमच्याकडे एक लिहिण्याचं काम आहे."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. असं वाक्य माझ्या कानावर बऱ्याच वर्षांत पडलं नव्हतं.

"तिम्मण्णाला अवजारं दिलीत," ती म्हणाली. "गटात घालण्याचं एक, काढण्याचं एक, तात्पुरती परवानगी देण्याचं एक, अशी. प्रत्येक अवजाराबरोबर त्याचं वर्णन असतं. ते वाचून तो ठरवतो, आत्ता कुठलं उचलायचं. मी घाईत अर्धी-अर्धी ओळ खरडली होती. त्याचा गोंधळ उडतोय. परवा कोशी अंकलनी नुसतं विचारलं, बागेला पाणी कधी घालतात. यानं त्यांना बाग गटाचा प्रमुख केलं."

"मग कोशी काय म्हणाले?"

"म्हणाले काही नाहीत. त्यांनी कढीपत्ता मुळापासून छाटून टाकला."

"आणि मी काय करायचं?"

"वर्णनं लिहायची. तुम्ही एवढे लेखक. तिम्मण्णाला समजेल असं लिहा, बस्स."

मी जरा खाकरलो. वर्णन हा माझा हातखंडा, पण तो सूर्यास्ताचा, राजकारण्यांच्या पोटांचा. अवजाराचं वर्णन मी कधी केलं नव्हतं. तरी पण मी उदारपणे म्हणालो, "बघू या."

आतून माझी पत्नी जलजाक्षी हातातलं पीठ झटकत बाहेर आली. ती इमारतीच्या महिला भजनी मंडळाची प्रमुख. गेल्या रामनवमीला त्यांच्या मंडळाला सभागृह मिळालं नव्हतं. आत टेबल टेनिसचा सामना लांबला होता. बायकांनी वाहनतळात दोन स्कुटरच्या मधे बसून हरिदासांची पदं म्हटली. शेवटचं पद ऐन रंगात आलेलं असताना कुणीतरी गाडी सुरू केली आणि वरच्या मजल्यावरच्या आचारांच्या पत्नी पार्वतम्मांना ठसका लागला तो मंगळारतीपर्यंत थांबला नाही. हा विषय वर्षभर घरात रोज निघाला होता.

"अहो, काय लिहायचं ते लिहा," जलजा म्हणाली, "पण या रामनवमीला संध्याकाळी ते दार आमच्यासाठी उघडलं पाहिजे. तुमच्या साहित्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. आजवर काहीच नव्हती."

एवढी स्पष्ट अपेक्षा माझ्याकडून एकाही संपादकानं केली नव्हती.

मी कामाला लागलो. चार दिवस खपून मजकूर सिद्ध केला. नमुन्यादाखल 'परवानगी देणे' या अवजाराचं वर्णन सांगतो: 'परवानगी हे कुलपाचं नव्हे, काळजाचं काम आहे. जो प्रेमानं येतो, जो आपला आहे, त्याला दारात तिष्ठत ठेवणं ही आपली रीत नाही. अशा वेळी थोडं जुळवून घ्यावं.' आणि 'गटातून काढणे' याच्याखाली, माझ्या जुन्या रकान्याला शोभेल असं: 'समितीत एकदा शिरलेला माणूस मरणाशिवाय तिच्यातून सुटल्याचं कुणी पाहिलेलं नाही.'

गौडांनी हे वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "रायरे," ते म्हणाले (म्हणजे रावसाहेब; इमारतीत मला सगळे रायरेच म्हणतात), "आमच्या खात्याचे नियम कुणी असे लिहिले असते, तर मी निवृत्तच झालो नसतो."

भार्गवीनं मात्र तेच वर्णन पडद्यावर पुन्हा एकदा वाचलं. "छान आहे, अंकल. पण हे अवजार नक्की करतं काय?"

"ते वाचकानं ओळखायचं असतं."

"वाचक तिम्मण्णा आहे."

"मग त्यालाही जरा मेहनत पडू दे."

तिला ऑफिसची बस गाठायची होती. म्हणाली, "चालवून बघू या."

आता आमच्या गावाची एक गोष्ट तिम्मण्णाला कुणी सांगितलेली नव्हती. इथे कुणी कुणाकडे परक्यासारखं काही मागतच नाही. रांगेत पुढे घुसणारा आधी तुमच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, आपण काय परके आहोत का, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. रिक्षावाला जास्त भाडं सांगतो तेसुद्धा घरच्यासारखं. 'आपला' नसलेला माणूस या शहरात फक्त जनगणनेत सापडतो.

पहिली आली फाटकाजवळची फुलवाली सरोजम्मा. तिला कळशीभर पाणी हवं होतं. तिनं डब्यात तोंड घालून विचारलं, "काय रे तिम्मण्णा, मी काय परकी आहे का?" तिम्मण्णानं माझं वर्णन वाचलं, आणि सरोजम्मा पाणी गटात दाखल झाली. तिच्या पाठोपाठ इस्त्रीवाला, त्याच्या पाठोपाठ समोरच्या उपाहारगृहाचा आचारी. आमच्याकडे कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं. त्या आठवड्यात ते आलं, तेव्हा व्हॉल्व्ह उघडण्याचा अधिकार असलेल्या सगळ्यांनी तो आपुलकीनं उघडला, आणि बंद करण्याचं काम दुसऱ्यावर सोपवलं. टाकी भरली, वाहिली, पाणी वाहनतळातून कोशींच्या गाडीखालून निघालं आणि मुख्य रस्त्याला लागलं. महापालिकेनं त्या रस्त्यावर पाणी साचल्याबद्दल आम्हालाच नोटीस पाठवली. खड्ड्याचा उल्लेख तिच्यात नव्हता.

सभागृहाची कथा याहून प्रेमळ. तिथे एका घरच्या लग्नाच्या गाद्या आल्या. सकाळी कसला तरी नाचत व्यायाम करणारा वर्ग सुरू झाला. जलजा मंडळाला घेऊन तालमीला गेली, तर आत एक अनोळखी ज्योतिषी चटई टाकून बसलेला. त्यानं तिचा हात बघून सांगितलं, "अम्मा, तुम्हाला लवकरच जागेची अडचण येणार आहे."

जलजा घरी आली आणि तिनं ज्योतिष्याचं हे वाक्य मला सांगितलं. पुढे स्वतःचं काही जोडलं नाही. तिनं काही जोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी गुरुराज आचार दारात उभे राहिले. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दस्तनोंदणी कचेरीतून उपनिबंधक म्हणून निवृत्त झाले, पण उभे अजूनही खिडकीपलीकडे असल्यासारखेच राहतात. अंगाऱ्याची रेघ ताठ, आवाज त्याहून ताठ.

"रायरे, पाण्याचा प्रकार पाहून मी पाणी गटातून मुक्त करण्याची विनंती केली. तिम्मण्णानं काय उत्तर दिलं ते ऐका." त्यांनी फोन हातभर लांब धरला आणि वाचलं, "'नमस्कार. उपलब्ध वर्णनानुसार सदस्याला निधनानंतरच मुक्त करता येतं. आपलं निधन झालं आहे का? होय किंवा नाही असं कळवावं.'"

मी फोनमध्ये डोकावून ते स्वतः वाचून घेतलं.

"काय कळवू?"

"तूर्त 'नाही' कळवा," मी म्हणालो.

"कळवलं. त्यावर तो म्हणतो, 'आनंद वाटला. झाल्यावर अवश्य कळवा.'"

माझी चाळीस वर्षांची सगळी उपरोधिक वाक्यं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेली. ती कुणी शब्दशः घेतली नाहीत, हे केवढं भाग्य. तुरुंगातच गेलो असतो.

आचार खुर्चीवर बसले. "हा तुमचा दोष नाही. तुम्ही ललित माणूस. अधिकार, सदस्यत्व, मुक्तता, हे शब्द कसे बांधायचे ते कचेरीत शिकवतात. मी लिहितो."

त्यांच्या आवाजात जी दया होती ती मला चांगलीच लागली. माझ्याच मजकुरावर, माझ्याच खुर्चीत बसून. पण रामनवमी आठवड्यावर आली होती आणि स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा सावकाश ठेवली जात होती. मी होकार दिला.

आचारांचं लिखाण बघून तिम्मण्णा काय, विधिमंडळही दबकलं असतं. 'सदर अवजाराचा वापर, अन्यथा तरतूद नसल्यास व असल्यासही, संबंधित गटप्रमुखाच्या पूर्वसंमतीशिवाय करता येणार नाही. परंतु असे की, गटप्रमुखाची संमती अध्यक्षांच्या संमतीशिवाय ग्राह्य धरली जाणार नाही. परंतु असेही की, अध्यक्ष हे स्वतः गटाचे सदस्य असल्याने त्यांनी गटप्रमुखाची संमती घ्यावी.' वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "आता यातून मुंगी जाऊ दे."

मुंगी गेली नाही. पाणीही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी कावेरी आली, व्हॉल्व्हपाशी थांबली आणि पुढच्या गल्लीत निघून गेली. अख्खी इमारत बादल्या घेऊन समोरच्या देवळाच्या नळावर उभी राहिली, आणि पुजाऱ्यांनी आम्हाला आमच्या पापांबद्दल विचारलं.

गौडा त्या दिवशी मंड्याला भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. तिथे नाचणीच्या मुद्द्याचा, म्हणजे उकडलेल्या गोळ्याचा, पहिला घास त्यांनी सारात बुडवला आणि फोन वाजला. तिम्मण्णाला पाणी गटप्रमुखाची संमती ग्राह्य धरण्यासाठी अध्यक्षांची संमती हवी होती. गौडांनी दिली. घास तोंडाशी नेला. फोन वाजला. ती संमती देण्यासाठी गटप्रमुखाची संमती घेतली का? गौडांनी गटप्रमुखाला फोन लावला. गटप्रमुख देवळाच्या नळावर. मुद्दा निवला. शेवटी आलेला निरोप त्यांनी मला परतल्यावर दाखवला: 'आपली संमती मागण्यास आपली संमती आहे का?'

"रायरे," गौडा म्हणाले, "नोकरीत मी हे लोकांना विचारायचो. मला कुणी विचारल्याचं हे पहिलंच उदाहरण."

मग सल्ले सुरू झाले. आमच्या इमारतीत सल्ला हा प्रत्येक घरातून थोडा थोडा येतो, संक्रांतीच्या तीळगुळासारखा. नाही म्हणता येत नाही आणि सगळा एकत्र खाल्ला तर बाधतो. कोशी म्हणाले, उदाहरणं द्या. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, उदाहरणं देऊ नका, तो उदाहरणंच करत बसेल. व्यायामाच्या वर्गातली बाई म्हणाली, सकारात्मक लिहा. गौडा म्हणाले, शेवटी 'धन्यवाद' घाला, त्यानं कामं होतात. ज्योतिषी अजून सभागृहातच होता. तो म्हणाला, गुरुवारनंतर लिहा.

माझी सहनशक्ती संपली. मी मनात म्हटलं, प्रेमानं लिहिलं तर गाव आत येतं, कायद्यानं लिहिलं तर कुणीच येत नाही. तेव्हा आता लिहायचंच नाही. मी सगळं खोडलं आणि रागाच्या भरात एकाखाली एक ठोकलं: 'घालणे: सांगितलेल्यांना घालतो. काढणे: सांगितलेल्यांना काढतो.' एका अवजाराचं नाव 'गटाचा प्रमुख पुन्हा नेमणे' असं होतं. त्याच्यापुढे मी लिहिलं: 'ही वेळ येऊ नये.'

भार्गवीला ते पाठवलं. तिचं उत्तर आलं, "अंकल, जरा फारच कमी नाही का?" मी ते वाचलं नाही असं दाखवलं. दुखावलेल्या लेखकाचं हे जुनं शस्त्र आहे, संपादकांवर चालायचं.

रामनवमी उजाडली. सकाळपासून घरात वेलची आणि सुंठीचा वास. गुळाच्या पानकाचं मोठं पातेलं, ताकाचं एक, मुगाच्या डाळीच्या कोसंबरीत कैरी किसून घातलेली. जलजा हिरवी म्हैसूर सिल्क नेसली होती आणि अत्यंत शांत होती. तिच्या शांतपणाला मी लग्नापासून भीत आलोय.

दुपारी गौडांनी एक चांगलं काम करायचं ठरवलं. त्यांना वाटलं, सभागृहात भरलेली ही सगळी मंडळी, गाद्यावाले, नाचवाले, ज्योतिषी, बायकांच्या कार्यक्रमाआधी बाहेर काढावी. त्यांनी तिम्मण्णाला आज्ञा केली, "सभागृह गटातल्या सगळ्यांना काढ." तिम्मण्णानं माझं वर्णन वाचलं: सांगितलेल्यांना काढतो. सांगितले होते सगळे. त्यानं गाद्यावाल्याला काढलं, ज्योतिष्याला काढलं, मंडळाच्या बायकांना काढलं, भार्गवीला काढलं आणि शेवटी, गटाचे प्रमुख म्हणून आज्ञा देणाऱ्या गौडांनाही काढलं. दार खट्कन बंद झालं. मग त्याचा निरोप आला: 'सभागृह गट पूर्ण रिकामा केला आहे. गटात कुणीही नसल्यामुळे यापुढे कुणालाही घालण्याचा अधिकार कुणाकडेही नाही. रामनवमीच्या शुभेच्छा.'

चार वाजता जलजा आणि तिचं मंडळ सभागृहाच्या दाराशी पोचलं. तंबोरा, झांजा, पातेली, रामाची तसबीर. दार बंद.

"किल्ली?" जलजानं विचारलं.

गौडा भिंतीकडे बघत म्हणाले, "अम्मा, नवं दार बसवताना जुनं कुलूप मी भंगारात दिलं. किल्लीसकट. म्हटलं, काळ बदलला."

पार्वतम्मांनी तंबोरा गवसणीतून काढला होता. तो त्यांनी पुन्हा आत सरकवायला सुरुवात केली, कुणाकडेही न बघता. मला वाहनतळातल्या दोन स्कुटर दिसायला लागल्या. मी भार्गवीला फोन लावला. ती सिल्क बोर्डाच्या चौकात वाहतुकीत अडकली होती, म्हणजे तिचं येणं आता ग्रहांवर अवलंबून होतं.

"अंकल, घाबरू नका. 'गटाचा प्रमुख पुन्हा नेमणे' हे अवजार ह्याच्यासाठीच आहे. तिम्मण्णाला सांगा ते वापर."

मी डब्यात सांगितलं. डबा म्हणाला, "वर्णनानुसार ही वेळ येऊ नये. त्यामुळे हे अवजार केव्हा वापरावं हे कळत नाही. क्षमस्व."

फोनवर भार्गवी हसत होती की रडत होती, ते गाड्यांच्या भोंग्यांत कळलं नाही. "वर्णनं बदलण्याचा अधिकार अजून तुमच्याकडेच आहे. आत्ता लिहा. अवजार काय करतं, कधी वापरायचं, कधी वापरायचं नाही, अडलं तर कुणाला विचारायचं. त्याला आपल्या गावातलं काहीच माहीत नाही असं समजून लिहा."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. फोन हातात, समोर सगळं भजनी मंडळ. असं प्रेक्षकांपुढे मी कधी लिहिलं नव्हतं. जलजा शेजारच्या पायरीवर बसली.

"वाचा मोठ्यानं," ती म्हणाली. जी ओळ ऐकून ती "म्हणजे?" म्हणायची, ती मी खोडत गेलो.

"'संकटसमयी हे अवजार...'"

"म्हणजे?"

खोडलं. "'गटात एकही प्रमुख उरला नसेल तेव्हाच हे वापरावं.'"

"हं. मग कुणाला नेमायचं?"

"'सर्वांत शेवटी जो प्रमुख होता त्यालाच. दुसऱ्या कुणालाही नाही, त्यानं कितीही प्रेमानं मागितलं तरी.'"

"पुढे?"

"'समितीतल्या दोघांनी होकार दिल्याशिवाय नेमू नये. प्रमुख हजर असेल तर हे अवजार वापरू नये.'"

या वेळी 'म्हणजे?' आलं नाही. मी पाठवलं. गौडांनी डब्यात विनंती केली, समितीतले म्हणून कोशी आणि आचारांनी होकार दिला. डबा म्हणाला, "पुट्टस्वामी गौडा यांना सभागृह गटाचे प्रमुख म्हणून नेमलं आहे." आचारांनी एकही 'परंतु' न घालता टाळी वाजवली.

"आता एका संध्याकाळपुरतं आत सोडण्याचं," जलजा म्हणाली. "नीट लिहा. गाणं सुरू असताना मला नाचवाले नकोत."

ते मी लिहिलं, आणि सांगायला हरकत नाही, ते लिहिताना मला मजा आली. 'गटप्रमुखानं कार्यक्रम ज्याच्याकडे सोपवला असेल, त्यानं ज्यांची नावं सांगितली असतील, फक्त त्यांनाच कार्यक्रम संपेपर्यंत दार उघडावं. नाव सांगितलेलं नसेल तर ओळखीचा असो, शेजारी असो, दार उघडू नये. अंदाज करू नये. शंका आली तर कार्यक्रम ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारावं.'

गौडांनी कार्यक्रम जलजाकडे सोपवला. जलजा डब्याशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात नावं सांगू लागली. गाणाऱ्या बायकांची, त्यांच्या सुनांची, नातवंडांची, ऐकायला येणाऱ्या म्हाताऱ्या आज्यांची, सरोजम्मासुद्धा, कारण हार तिनं आणले होते. प्रत्येक बाईनं पुढे होऊन आपापल्या घरचं सांगितलं. मग दार उघडलं. दिवे लागले. गाद्या एका कोपऱ्यात सरल्या, रामाची तसबीर चौरंगावर बसली आणि तंबोरा लागला.

मी मुद्दाम शेवटी आत जायचं ठरवलं होतं. लेखकानं प्रयोगाला जरा उशिरा जावं, म्हणजे लोक मागे वळून बघतात. दाराशी गेलो, तर डबा म्हणाला, "नमस्कार. आपलं नाव सांगितलेलं नाही."

मला हसू आलं. "अरे, मी रायरे. जलजाक्षीचा नवरा."

"जलजाक्षी अम्मांनी 'आमचे हे' असं सांगितलं होतं. त्या नावाची व्यक्ती इमारतीत आढळली नाही."

तेवढ्यात मागून आचार आले. डबा म्हणाला, "पार्वतम्मांनी 'आमच्याकडचे' असं सांगितलं होतं. त्या नावाचीही व्यक्ती आढळली नाही." मग आणखी एक जण, त्याच्या बायकोनं 'मुलांचे वडील' म्हटलं होतं. त्यानंतर 'आमचे यजमान'. हळूहळू जिन्यावर भजनी मंडळाचे सगळे नवरे जमले. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही रीत आमच्या बायकांनी सगळा जन्म पाळली. आणि तिम्मण्णाला गावातलं काहीच माहीत नाही असं समजून मी लिहिलं होतं. गौडा तेवढे प्रमुख म्हणून आत होते. पहिल्या रांगेत बसलेले दाराच्या काचेतून दिसत होते. त्यांनी फोन बंद करून ठेवला होता. कार्यक्रमात सगळ्यांनी फोन बंद ठेवावेत, असा हुकूम त्यांनीच काढला होता.

"आत निरोप पाठवा," कुणीतरी म्हणालं.

डब्याला विचारलं. "शंका जलजाक्षी अम्मांनाच विचारायची आहे," तो म्हणाला. "त्या सध्या गात आहेत."

आचारांनी माझ्याकडून फोन घेतला आणि ते वर्णन वाचलं. एकदा, दोनदा, चष्मा कपाळावर सरकवून तिसऱ्यांदा. ते पळवाट शोधत होते. त्यांचं आयुष्य त्यात गेलेलं.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "कुठेच नाही."

"काय नाही?"

"फट." त्यांनी फोन परत दिला. "रायरे, तुम्ही आमच्या कचेरीत हवे होतात."

एखाद्या समीक्षकानं माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हणणारा माझ्याचमुळे पायरीवर बसलेला होता. आम्ही सगळे तिथेच बसून ऐकू लागलो. आत पार्वतम्मांचा आवाज वरच्या पट्टीत गेला आणि ठसका न लागता तिथे राहिला. आचारांनी मांडीवर ताल धरला, तो मधेच थांबला, मग पुन्हा धरला.

मंगळारती झाली. पानक वाटताना जलजाच्या लक्षात आलं असावं की पहिल्या रांगेत गौडांची सोडून बाकीच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. ती पेला घेऊन दारापाशी आली. काचेपलीकडून तिनं आमची रांग पाहिली.

"अहो, तुम्ही बाहेर काय करताय?"

"नाव नाही," मी म्हणालो.

"सांगितलं की मी. 'आमचे हे'."

"तो कुणी सापडला नाही म्हणतो."

तिनं डब्याकडे पाहिलं. डबा नम्रपणे म्हणाला, "कृपया नाव सांगावं."

मागे सगळं मंडळ जमलं. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. जलजा लाल झाली. तिला या प्रसंगाचा एकच मार्ग ठाऊक होता, तो लग्नात एकदा वापरला होता. तिनं घसा साफ केला, डोळे जमिनीवर लावले आणि उखाणा घेतला:

"पानकात वेलची, डाळीत कैरीचा कीस,
पद्मनाभरावांना आत घे, नको करू कासावीस."

"पद्मनाभ राव," डबा म्हणाला. "नोंद घेतली." आणि दार उघडलं.

मी आत गेलो. मागे पार्वतम्मा डब्यापाशी उभ्या राहिल्या, त्यांना यमक सुचेना, आणि आचार बाहेरून म्हणाले, "सावकाश. घाई नाही." त्यानंतर एकेक करत सगळे नवरे आत आले, कुणी ताकावर, कुणी तंबोऱ्यावर, एक जण बिचारा टाकीच्या पाण्यावर. भजनापेक्षा तो कार्यक्रम जास्त रंगला, असं सरोजम्मा अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी भार्गवी आली. "अंकल, वर्णनं आता झकास आहेत. फक्त एक ओळ घालते. 'आमचे हे' म्हटलं की नवरा समजावा. दोन मिनिटांचं काम."

"नाही," मी म्हणालो. "त्या मजकुराला हात लावायचा नाही."

"पण अंकल, पुढच्या रामनवमीला तुम्ही पुन्हा बाहेर अडकाल."

आत जलजा पानकाचं पातेलं घासत होती. ती ऐकत होती, कारण घासण्याचा आवाज थांबला होता.

"अडकू दे," मी म्हणालो.